घरी घडविलेली मोटार

वेस्ट मांबलमच्या एखाद्या गल्लीत ओसरीवर सुटे केलेले इंजिन दिसले, की आम्हांस इचलकरंजीची आठवण होते. मोटार केवळ मोठ्या कारखान्यातच जन्मते, ही समजूत या शहरात तरी टिकत नाही. सिम्प्सन कंपनीच्या सॅम्युअल जॉन ग्रीन यांनी १९०३ साली मद्रासेतच वाफेवर चालणारी मोटार बांधली. पुढे शहराच्या उत्तरेस शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर शर्यती भरू लागल्या, तेव्हा हौशी मंडळींनी जुन्या गाड्यांची इंजिने नव्या सांगाड्यांवर चढवून आपापली वाहने सिद्ध केली.

शर्यतीपुरती गाडी अशी घरी घडविता येई. ती बाजारात आणावयाची तर सरकारी परवाना लागे. कोइमतूरच्या जी. डी. नायडूंनी १९५२ साली अवघ्या २,००० रुपयांची दोन आसनांची मोटार तयार केली. परवान्याअभावी तिचे उत्पादन थांबले. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांचे शिक्षण जेमतेम सातवीपर्यंतचे. त्यांनी अनेक वर्षे खपून ‘मीरा’ ही छोटी मोटार घडविली. १९७५ च्या सुमारास तिची किंमत १२,००० रुपयांच्या आसपास सांगितली जाई. तीही कारखान्यापर्यंत पोहोचली नाही.

आम्ही परप्रांतात नियमांची राखण करणारी माणसे. नियमांवाचून राज्य चालत नाही, हे आम्ही जाणतो. तथापि नकाराचा शेरा लिहिण्यापूर्वी त्या कागदामागे कुणाच्या किती वर्षांचे श्रम आहेत, एवढे पाहून घेणे आमच्याच हाती असते.