'धम्म', 'जयभीम', 'नालंदा' : या शब्दांची मालकी कुणाला मिळू शकते?

६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर स्टॉल लावणारे आपले अनेक तरुण व्यवसायाला 'धम्म', 'जयभीम', 'नालंदा' अशीच नावे देतात. उद्या यातले एखादे नाव कुणी ट्रेडमार्क म्हणून नोंदवून बाकीच्यांना वकिलाची नोटीस पाठवली तर?

ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम ९ नुसार मालाचा प्रकार, गुण किंवा ठिकाण सांगणारा, अथवा त्या धंद्यात सर्रास वापरला जाणारा शब्द नोंदवता येत नाही. अर्जापूर्वीच्या वापरातून त्या शब्दाला वेगळी ओळख मिळाली असेल तर मात्र सवलत आहे. शिवाय शब्द सामान्य आहे की नाही, हे मालावरून ठरते. मूर्तींच्या दुकानासाठी 'बुद्धमूर्ती' हे निव्वळ वर्णन झाले. पण बुटांसाठी 'नालंदा' हे वर्णन नाही. आपली मंडळी नेमकी इथे गाफील राहतात.

वेगळी ओळख कधी मानायची, यावर न्यायालयांची उत्तरे वेगवेगळी आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये 'शादी डॉट कॉम'ला 'सेकंडशादी डॉट कॉम'विरुद्ध मनाई हुकूम नाकारला; विवाह जुळवणाऱ्या धंद्यात 'शादी' हा वर्णनात्मक शब्द आहे, त्यावर एकाची मक्तेदारी नाही, असा त्याचा आशय. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र ३० जून २०२० रोजी, ८ विरुद्ध १ मतांनी, 'बुकिंग डॉट कॉम' नोंदणीस पात्र ठरू शकते असे म्हटले. त्या खटल्यातील पाहणीत ७४.८ टक्के लोकांनी ते ब्रँडचे नाव असल्याचे सांगितले होते. म्हणजे जाहिरातीवर ओतायला पैसा असला की सामान्य शब्दही आपलासा करता येतो. हा निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण मोठ्या कंपन्यांचे वकील त्याचा दाखला देणारच.

आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा निकाल २०१५ चा आहे. पाटण्याच्या एका व्यापाऱ्याला अगरबत्तीसाठी 'रामायण' हे नाव नोंदवायचे होते. धर्मग्रंथाचे नाव कुणीही मालाचा ट्रेडमार्क म्हणून मागू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. ते नाव त्या धंद्यात अनेक जण वापरत होते, हेही पाहिले. मात्र पुढे-मागे दुसरा शब्द जोडून नाव वेगळे झाले तर नोंदणीचा विचार होऊ शकतो, अशी फटही त्यात आहे. 'त्रिपिटक' किंवा 'धम्मपद' या नावांसाठी हा निकाल थेट कामाचा आहे. 'भगवान बुद्ध' हे नाव तर ट्रेडमार्क कार्यालयाच्या नोंदणी-निषिद्ध नावांच्या यादीतच आहे. 'जयभीम'चे तसे नाही. ते लाखो लोकांचे अभिवादन आहे, ही हरकत भक्कम आहे. पण ती कुणीतरी घ्यावी लागते.

हरकत घेण्याची मुदत ठरलेली आहे. स्वीकारलेले अर्ज दर सोमवारी निघणाऱ्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापले जातात आणि ते इंटरनेटवर फुकट पाहता येते. प्रसिद्धीपासून ४ महिन्यांत कोणीही विरोध नोंदवू शकतो. त्यासाठी व्यापारी असण्याची गरज नाही. ऑनलाइन फी प्रत्येक वर्गाला २,७०० रुपये. एखाद्या मंडळाला हे सहज पेलेल. मुदत हुकली तर कलम ५७ खाली नोंद रद्द करण्याचा अर्ज निबंधकाकडे किंवा उच्च न्यायालयात करता येतो. पूर्वीचे अपील मंडळ २०२१ मध्ये बंद झाले.

नोटीस आलीच तर घाबरून पाटी उतरवू नका. शब्द केवळ मालाचे वर्णन म्हणून वापरला असेल, तर कलम ३० संरक्षण देते. नोंदणीदाराचा वापर किंवा नोंदणी, यांपैकी जे आधीचे असेल त्याच्याही पूर्वीपासून तुम्ही ते नाव सलग वापरत असाल, तर कलम ३४ तुमच्या बाजूने आहे. म्हणून स्टॉलच्या पावत्या, छपाईची जुनी बिले, तारखेसह फोटो जपून ठेवा. वापर कधीपासून आहे, हे त्यांवरूनच सिद्ध करता येते.