पोलिसी खाक्या आणि कबुली

‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.’ जिल्ह्याच्या बातम्यांच्या पानावर हे वाक्य मी गेली तीस-पस्तीस वर्षं वाचते आहे. बातमीदार बदलले, फौजदार बदलले, वाक्य तेच. वाचणाऱ्याला वाटतं, चला, निकाल लागला. मी तालुक्याच्या कोर्टात फौजदारी वकिली केली, म्हणून मला त्यात दोनच शब्द दिसतात. एक ‘खाक्या’, म्हणजे मार. दुसरा ‘कबुली’. एखाददुसरा खास कायदा सोडला तर पोलिसापुढच्या त्या कबुलीची कोर्टातली किंमत शून्य आहे, आणि ती १८६१ पासून शून्य आहे.

वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक म्हातारी माझ्या टेबलापाशी आली. कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली आम्हा वकिलांची टेबलं असत. तिच्या पोराला विहिरीवरची मोटर चोरल्याच्या संशयावरून उचललं होतं.

‘‘बाई, पोरानं कबूल केलंया. आता तुमी तरी काय करनार?’’

‘‘कुणापुढं कबूल केलं, मावशी?’’

‘‘फौजदारापुढं. आन् कुनापुढं?’’

‘‘मग काही बिघडलं नाही.’’

फी मिळावी म्हणून मी धीर देतेय, असं तिला वाटलं असणार. तिचा दोष नाही. शिकल्यासवरल्या माणसांनाही हे सांगितलं की ती चमकतात.

माणसाच्या तोंडून खरं काढायचं कसं, हा प्रश्न आपल्याकडे जुना. मराठेशाहीत गोतसभा बसे, साक्षी घेई, बेलभंडार उचलायला लावी. तरीही उलगडा झाला नाही तर दिव्य. रवादिव्यात तेलातुपाचं भांडं उकळत ठेवायचं, त्यात धातूचा तुकडा टाकायचा, तोच रवा. ज्याने दिव्य करायचं त्याचे हात धुऊन, नखं काढून घेत. रवा हाताने काढून झाला की त्या हाताला पिशवी बांधून वर मोहर करत. तिसऱ्या दिवशी पिशवी पंचांसमोर उघडायची. हात भाजलेला दिसला तर माणूस खोटा. वतनाच्या भांडणांचे निवाडेही असे झाले आहेत.

आज हे वाचून आपण कानावर हात ठेवतो. पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ते सगळं चारचौघांत, दिवसाउजेडी, देवाच्या नावाने चाले. नंतर कुणी हाताला काही करू नये म्हणून मोहर लावत. कोठडीतल्या खाक्याला दार बंद लागतं आणि तो अंगावर खूणही ठेवत नाही. त्याला मराठीत नेमका शब्द आहे, ‘मुका मार’.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. १८२७ मध्ये मुंबई इलाख्याचे कायदे एकत्र करून काढले गेले. त्यांतला चौदावा गुन्हे आणि शिक्षांचा होता. कागदावर पद्धत आली, पण कबुली काढणारे हात गावोगाव तेच राहिले. मद्रास इलाख्यात ओरड इतकी झाली की कंपनी सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. १८५५ च्या त्याच्या अहवालात सारावसुलीसाठी आणि चोरी कबूल करवण्यासाठी होणाऱ्या छळाचे प्रकार नोंदले आहेत. बोटं लाकडी चापात दाबणं, डोळ्यांत मिरचीची पूड घालणं, माणसाला वाकवून तसंच बांधून ठेवणं. छळ करणारे सरकारी नोकरच होते.

या पार्श्वभूमीवर १८६१ चा पहिला फौजदारी प्रक्रिया कायदा आला आणि त्यात लिहिलं गेलं की पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. १८७२ मध्ये जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी पुराव्याचा कायदा तयार केला, तेव्हा हे कलम २५ झालं. कलम २६ ने आणखी एक फट बुजवली. माणूस पोलिसांच्या ताब्यात असताना त्याने कुणापुढेही दिलेली कबुली, समोर मॅजिस्ट्रेट नसेल तर, बाद. स्टीफन यांनी पुढे आपल्या ग्रंथात एका अधिकाऱ्याकडून ऐकलेलं कारण सांगितलं आहे. त्याचा मथितार्थ असा की उन्हातान्हात पुरावा शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत तिखट चोळणं सोपं पडतं. म्हणजे कायद्याचा अविश्वास पोलिसाच्या क्रौर्यावर होता, तितकाच त्याच्या आळसावरही.

हा कायदा परक्या राज्यकर्त्यांनी आपल्यावर दया येऊन केला, असं मी म्हणणार नाही. त्याच सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या सुधारित कायद्याने तो आमच्या मुंबई इलाख्यालाही लागू झाला. जन्माला आला तोच आरोपी. सोलापूरला या जमातींना कोंडलेल्या सेटलमेंटला तारेचं कुंपण आणि आतल्या माणसांना हजेरी. ज्याचा गुन्हा जन्मानेच ठरला त्याच्या कबुलीची गरज कुणाला? ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. पण चोरी झाली की आधी कोणत्या पालावर गाडी जाते, हे आमच्या तालुक्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

शिवाय १८७२ च्या कायद्याने पुढच्या दाराला कुलूप लावून मागचं दार किलकिलं ठेवलं. ते कलम २७. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तिच्यापुरतं त्याचं बोलणं पुराव्यात येतं. म्हणून प्रत्येक खटल्याच्या कागदांत तो निवेदन पंचनामा असतो आणि त्यात ठरलेलं वाक्य असतं, ‘‘मी लपवून ठेवलेली कुऱ्हाड माझ्यासोबत चाललात तर काढून देतो.’’ निरक्षर आरोपी आणि पदवीधर आरोपी, दोघेही अगदी त्याच शब्दांत बोलतात. १९४६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने, कोट्टय्या खटल्यात स्पष्ट केलं की कुऱ्हाड कुठे आहे हे सांगणं पुराव्यात येईल, ‘तिनेच मी मारलं’ हे येणार नाही. मग सगळी मदार पंचांवर. पंच पिंजऱ्यात उभा राहतो आणि सांगतो, ‘‘सही माझीच आहे, पण ती ठाण्यात केली.’’ झाला फितूर.

राज्यघटनेने आरोपीच्या हक्कांना पाया दिला. कलम २०(३), आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. कलम २२, अटकेची कारणं सांगा, वकिलाला भेटू द्या, प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करा. कलम २०(३) ची मर्यादाही मुंबई राज्याच्या एका खटल्यात ठरली. १९६१ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचे अकरा न्यायाधीश बसले आणि म्हणाले, बोटांचे ठसे आणि हस्ताक्षराचा नमुना घेता येईल. तो साक्ष देण्यात मोडत नाही. सक्तीने वदवून घेता मात्र येणार नाही.

पण कागदावरचा हक्क बंद दाराआड पोचवायचा कुणी? तो पोचवण्याचं एक मोठं काम एका पत्रकार बाईच्या पत्राने केलं. शीला बर्से यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात पंधरा स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या पाचजणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. ते पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका मानलं आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये निकाल दिला. स्त्रियांना वेगळ्या कोठडीत, महिला शिपायांच्या पहाऱ्यात ठेवा. अटकेची खबर जवळच्या विधी साहाय्य समितीला द्या. आणि आरोपी पहिल्यांदा समोर येईल तेव्हा मॅजिस्ट्रेटने त्याला स्वतः विचारावं की पोलिसांविरुद्ध छळाची काही तक्रार आहे का, आणि वैद्यकीय तपासणी मागण्याचा तुला हक्क आहे हेही सांगावं.

आज रिमांडच्या वेळी प्रत्येक कोर्टात ऐकू येणारा ‘‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’’ हा प्रश्न तिथून आला आहे. उत्तरही मला पाठ आहे. ‘‘नाय साहेब.’’ आणल्या हाताने परत नेणारा शिपाई हातभर अंतरावर उभा असतो. पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मिळाला तर रात्र त्याच ठाण्यात काढायची असते. मावशीचा पोरगाही ‘‘नाय साहेब’’ म्हणाला. पण तो पाय टेकत नव्हता. मी उठून सांगितलं, साहेब, त्याला चार पावलं चालायला सांगा. मॅजिस्ट्रेटनी शिपायाला बाहेर पाठवलं आणि प्रश्न पुन्हा विचारला. त्या दिवशी तो सरकारी दवाखान्यात गेला आणि तिथून एमसीआरमध्ये, म्हणजे न्यायालयीन कोठडीत.

उलट दिशेनेही पावलं पडली आहेत. १९८७ च्या टाडा या केंद्राच्या दहशतवादविरोधी कायद्याने वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य धरली होती. तो कायदा १९९५ मध्ये संपला. १९९९ मध्ये महाराष्ट्राने संघटित गुन्हेगारीविरुद्ध मोक्का कायदा केला आणि त्यात पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली पुन्हा पुरावा झाली. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांच्या, याच कायद्याखालच्या खटल्यात २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बाराजणांना दोषी धरलं, पाचजणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं, आणि कबुलीजबाब विश्वासार्ह न वाटणं हे त्याचं एक महत्त्वाचं कारण होतं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असं त्या न्यायालयाने म्हटलं. माणसं मात्र एकोणीस वर्षं आत होती, आणि मेलेल्यांच्या घरच्यांच्या हाती काय आलं?

याउलट मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यातल्या कसाबचं प्रकरण. २०१२ मध्ये त्याची फाशी कायम करतानाच सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या मॅजिस्ट्रेटना बजावलं की आरोपी पहिल्यांदा समोर आला की त्याला वकिलाचा हक्क सांगा, ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील द्या. असल्या खटल्यात हे सांगितलं गेलं, म्हणून मला त्याचं मोल अधिक वाटतं.

१ जुलै २०२४ पासून जुने कायदे गेले. पण १८७२ ची ती तीन कलमं मोडीत निघाली नाहीत. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये ती एकत्र नांदताहेत, मागच्या किलकिल्या दारासकट.

‘‘असले हक्क दिलेत म्हणून चोर सुटतात,’’ असं लोक मला लग्नाच्या पंगतीतही ऐकवतात. सुटतात, खरं आहे. मावशीचा पोरगा चार वर्षांनी निर्दोष सुटला. मोटर त्याने चोरली होती का, हे मी त्याला कधीच विचारलं नाही. पण एक मला ठाऊक आहे. ज्या शेतकऱ्याची मोटर गेली त्याला ती शेवटपर्यंत मिळाली नाही. कबुली मिळाल्यावर ती शोधायला कुणी गेलंच नव्हतं.

तेव्हा वाचणाऱ्यांना एवढंच सांगते. घरातलं कुणी उचललं गेलं तर चोवीस तासांचा हिशेब ठेवा. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० ला फोन लावा. तो वकील फुकट असतो आणि तो तुमचा हक्क आहे. आणि मॅजिस्ट्रेटनी तक्रारीचा प्रश्न विचारला की अंगावर जे झालं ते त्याच दिवशी, त्याच जागी सांगा. दुसऱ्या तारखेला सांगितलं तर पहिला प्रश्न येतो, ‘‘मग तेव्हा का नाही बोललात?’’