मेणवलीची घंटा : वसईच्या चर्चमधून कृष्णेच्या घाटावर

कोल्हापूर : अंबाबाईच्या देवळाच्या उत्तर दरवाजाला मोठ्या घंटेमुळं घाटी दरवाजा म्हणतात, हे आपल्याकडं बहुतेकांना माहीत आहे. पण जी कृष्णा पुढं आपल्या नृसिंहवाडीला येते, तिच्याच वरच्या अंगाला वाईजवळच्या मेणवली गावात एक वेगळीच घंटा आहे. ती टांगलीय महादेवाच्या देवळाशेजारी, आणि तिच्यावर चित्र आहे बाळ येशूला घेतलेल्या मेरीमातेचं.

घंटा कशी आहे?
चंद्रकोरीसारख्या दगडी घाटावर मेणेश्वराचं देऊळ आहे. त्याला लागूनच घंटेसाठी लहान दगडी देवळी बांधलीय. घंटेवर १७०७ हे साल इंग्रजी आकड्यांत आहे. वजन सुमारे ६५० किलो सांगतात. गावात तिला पंचधातूची म्हणतात. चर्चच्या घंटा साधारणपणे चार भाग तांबं आणि एक भाग कथील अशा काशाच्या ओतत. चर्चमध्ये अशी घंटा दोरानं अख्खी झुलवतात, मग आतला लोलक आपटून आवाज येतो. आपल्या देवळात घंटा जागेवर असते, आपण लोलक हलवतो.

इथं आली कशी?
१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांना मिळाली. तिथल्या किल्ल्यात त्यांनी मोठमोठी चर्च बांधली. १७३७ साली मराठ्यांनी उत्तर कोकणची मोहीम काढली आणि चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मे १७३९ मध्ये वसई घेतली. तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर आणल्या आणि देवळांना दिल्या. भीमाशंकर, नाशिकचं नारोशंकर मंदिर इथंही अशा घंटा आहेत. मेणवलीची घंटा त्यांतलीच मानली जाते.

चिमाजी अप्पांनी नानांना दिली?
व्हॉट्सअॅपवर असं फिरत असतं की, चिमाजी अप्पांनी ही घंटा नाना फडणवीसांना भेट दिली. सालं मांडून बघा, हिशेब जुळत नाही. चिमाजी अप्पा डिसेंबर १७४० मध्ये वारले. नानांचा जन्म १७४२ चा. मेणवली गाव नानांना मिळालं १७६८ मध्ये, औंधच्या पंतप्रतिनिधींकडून आणि साताऱ्याच्या मंत्र्यांकडून. पुढं नानांनी तिथं वाडा, घाट आणि देवळं बांधली. म्हणजे वसई पडली तेव्हा नाना जन्मलेही नव्हते. घंटा आधी पेशव्यांकडं आली आणि नंतर नानांच्या घाटावर लागली, असंच मानावं लागतं.

आपल्या गावातल्या घंटेचं काय?
मेणवलीच्या घंटेची ओळख पटते ती तिच्या अंगावरच्या आकड्यांमुळं आणि चित्रामुळं. ते घासून गेलं असतं, तर आज ती नुसतीच एक मोठी घंटा राहिली असती. जीर्णोद्धाराच्या वेळी आपल्याकडं काय होतं, ते बघितलंय सगळ्यांनी. जुन्या घंटेला ऑइलपेंट फासतात, चकाकी यावी म्हणून पॉलिशच्या मशीनवर घासतात, नाहीतर मोडीत घालून नवी आणतात. कासं कडक असतं, पण ठिसूळ. हातोड्याचा घाव बसला की तडा जातो, आणि एकदा आवाज फुटला की पहिल्यासारखा होत नाही.

म्हणून एवढं करा. घंटेवर अक्षर, आकडा, चित्र काही आहे का बघा. तिरप्या उजेडात मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढून देवस्थान समितीकडं ठेवा. चोरी झालीच, तर पोलिसांना दाखवायला हेच फोटो उपयोगी पडतात. शंभर वर्षांवरची अशी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते. परवान्याशिवाय तिचा धंदा करणं आणि परदेशी पाठवणं गुन्हा आहे.

कसं जायचं?
कोल्हापूरहून महामार्गानं सातारा ओलांडून पाचवडला वाईकडं वळायचं. वाईपासून मेणवली तीनेक किलोमीटर. शाहरुख खानच्या २००४ च्या ‘स्वदेस’ पिक्चरचं शूटिंग याच गावात झालं होतं. घाट बघायला गेलात, तर घंटेवरचं १७०७ स्वतः वाचून या. लोलक हलवायचा तर बेतानं. घंटा तीनशे वर्षांची आहे.