‘अविंध’ : अर्थ आणि व्युत्पत्ती

शिरूर व दौंड या तालुक्यांलगत, घोड आणि भीमा यांच्या पलीकडे श्रीगोंदे हे गाव आहे. सतराव्या शतकात तेथे वास्तव्य करून राहिलेले संतकवी, ‘योगसंग्राम’कर्ते शेख महंमद, स्वतःचा उल्लेख ‘अविंध’ असा करतात. जुन्या मराठीत मुसलमानांस उद्देशून रूढ असलेला हा शब्द आज प्रचारातून गेला आहे. त्याचा अर्थ मात्र चिंतनीय आहे.

‘अविंध’ म्हणजे ज्याचे कान टोचलेले नाहीत तो. संस्कृत ‘अविद्ध’ हे त्याचे मूळ सामान्यतः सांगितले जाते. परंतु त्यातील अनुस्वाराचा उलगडा प्राकृत ‘विंध’ व मराठी ‘विंधणे’ या धातूंवरून अधिक सहजतेने होतो. हाच धातू ‘विंधन विहीर’ या प्रयोगात अद्याप जिवंत आहे. कर्णवेध हा हिंदूंचा संस्कार होय. त्याचा अभाव हे परधर्मीयाचे लक्षण मानले गेले. मुसलमान स्त्रियांतही कान टोचण्याची चाल आहे, हे ध्यानी घेता हे नाव पुरुषांवरूनच पडले असले पाहिजे.

समानार्थी शब्दांशी तुलना केल्यास याचे वेगळेपण दिसून येते. ‘म्लेच्छ’ शब्दाचा जुना संबंध अस्पष्ट वा अशुद्ध वाणीशी आहे. ‘यवन’ हा मुळात आयोनियन ग्रीकांचा वाचक. जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतील शिलालेखांत यवन दाते आढळतात, म्हणजे तेथे हा शब्द परधर्म दर्शवीत नाही. ‘तुरुक’ हा वंशवाचक आहे. वाणी, देश, वंश आणि देह अशा चार निरनिराळ्या खुणांवरून आलेले हे शब्द कालांतराने एकाच समाजाला लागू झाले. यांपैकी एकाही शब्दाच्या मूळ अर्थात श्रद्धेचा निर्देश नाही.

कानाच्या खुणेवरून नाव पडण्याचा प्रकार हिंदू पंथांतही आहे; नाथपंथी ‘कानफाटे’ हे त्याचे उदाहरण. तेथे खुणेचे अस्तित्व नाव देते, येथे तिचा अभाव. अभावावरून पडलेले नाव सहसा इतरांनी दिलेले असते. म्हणूनच शेख महंमदांनी ते स्वतः स्वीकारणे अर्थपूर्ण ठरते. आपण अविंध असलो तरी हृदयात गोविंद आहे, असा त्यांचा आशय आहे. शब्द ते नाकारीत नाहीत. तो देहापुरता खरा मानून अंतःकरणावरील त्याचा अधिकार तेवढा काढून घेतात. व्युत्पत्तीही याहून निराळे सांगत नाही.