गेलेडे : पुरुषाने ल्यालेली मातृमूर्ती

मूर्ती म्हटली की ती चौथऱ्यावर स्थिर असावयाची आणि आपण तिच्यापुढे उभे राहावयाचे, असा आपला समज असतो. पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांची एक मूर्तिकला मात्र माणसाच्या अंगावर चढून नाचते. तिचे नाव गेलेडे. आजच्या नायजेरिया व बेनिन या देशांच्या सरहद्दीलगतच्या गावांत पिकांच्या हंगामाला धरून हा उत्सव होतो; दुष्काळ पडला वा साथ आली, तरीही तो करतात.

नर्तक सारे पुरुष. डोक्यावर टोपीसारखा बसणारा कोरीव लाकडी मुखवटा, तोंडावर विरळ फडके, पायांत लोखंडी वाळे, अंगावर घरच्या आयाबायांकडून मागून आणलेली वस्त्रे आणि कित्येकदा छातीवर लाकडात कोरलेले भरघोस स्तन. मुखवट्याचा चेहरा शांत, गंभीर. पण त्याच्या माथ्यावर पाहावे तो साप, पक्षी, शिवणयंत्र, नाहीतर मोटारसायकल! आदल्या रात्री 'एफे' हा मुखवटाधारी गाण्यांतून गावच्या लबाडांचे वाभाडे काढतो. दुसऱ्या दिवशी दुपारी बाजारात गेलेडेच्या जोड्या नाचतात. लोक पोट धरून हसतात.

ही स्त्रियांची टिंगल आहे काय? मुळीच नव्हे. योरुबांच्या श्रद्धेप्रमाणे वृद्ध स्त्रियांच्या, म्हणजे 'आमच्या मातां'च्या ठायी एक गूढ शक्ती वसते. ती प्रसन्न झाली तर संतती व सुबत्ता देते; कोपली तर दोन्ही हिरावून नेते. अशा शक्तीशी बळाने झगडून भागत नाही. तिला रिझवावेच लागते. म्हणून पुरुष तिचेच रूप अंगावर चढवतो. पायांतली धमक पुरुषाची, आकार मातेचा. आणि हे मिश्रण तो लपवीतही नाही. उत्सव करणाऱ्या मंडळाची प्रमुखही स्त्रीच असते. तिला 'इयालाशे' म्हणतात.

युरोप-अमेरिकेतील संग्रहालयांत हे मुखवटे काचेआड ठेवलेले दिसतात. तेथे लाकूड तेवढे उरते. वस्त्रे, ढोल आणि हशा गळून जातो. २००१ साली युनेस्कोने गौरव केला तो एकट्या मुखवट्याचा नव्हे, तर गीत-नृत्यासह साऱ्या परंपरेचा. २००८ साली तिची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाली. ते योग्यच झाले. कारण राजसत्ता बहुधा ज्यांच्या हाती राहिली, ते पुरुष येथे मातेचा भार स्वतःच्या डोक्यावर घेऊन, भर बाजारात, तिची मर्जी मागतात. आणि ही मागणी काचेआड ऐकू येत नाही.