पानथरीची मोजणी

जंतूच ठाऊक नसता गावावरील तापाचा भार मोजावा कसा? दिल्लीच्या उत्तरेस कर्नालभोवती, यमुनेच्या कालव्याकाठी ताप का माजला हे पाहण्यास १८४५ साली कमिटी बसली. तीतील डॉक्टर डेम्प्स्टर यांनी गावोगाव लोकांची पोटे चाचपून वाढलेल्या पानथऱ्या, म्हणजे प्लीहा, मोजल्या. पाणी तुंबे तेथे आकडा फुगे. लाव्हेराँना हिवतापाचा जंतू दिसला तो पुढे १८८० साली! आम्हांला या बोटांचे मोठे कौतुक वाटते. पण बोटे फसतातही. काळ्या आजारातही पानथरी वाढते. डासाचा छडा लावणाऱ्या रॉस यांनीदेखील १८९९ साली आसामातला तो आजार हिवतापच ठरवला. १९०३ साली लीशमन व डोनोव्हन यांनी पानथरीत निराळाच जंतू दाखवला, तेव्हा तेथील रोग्यांना कोयनेल का लागू पडेना, ते कळले.