पैठणचा विहार कोणी पोसला?

पैठण म्हटले की नाथषष्ठीची वारी, नाथसागर आणि पैठणी आठवते. शाळेच्या पुस्तकातले पैठण म्हणजे शास्त्री-पंडितांच्या धर्मसभेचे गाव. संन्यास सोडून संसारात परतलेल्या बापाच्या मुलांना, म्हणजे ज्ञानेश्वरादी भावंडांना, शुद्धिपत्र मागायला याच गावी यावे लागले, ही कथा आपण सगळ्यांनी वाचली आहे. पण ही धर्मसभा बसण्याच्या हजार-बाराशे वर्षे आधी गोदाकाठच्या या गावात भिक्खूंचा विहार होता, हे किती जणांना सांगितले जाते? यात्रेला येणाऱ्या माणसाला तो विहार कोणी दाखवत नाही. म्हणून तो पुराव्यातून शोधावा लागतो.

पहिला पुरावा पाली साहित्यातला. सुत्तनिपाताच्या पारायणवग्गात गोदावरीकाठी राहणाऱ्या बावरी नावाच्या ब्राह्मण आचार्याची कथा येते. त्याचे सोळा शिष्य प्रश्न घेऊन बुद्धाकडे निघतात. त्यांच्या वाटेवरचे पहिले नगर पतिट्ठान, म्हणजेच आपले पैठण. पुढे माहिष्मती, उज्जैन असे करत ते उत्तरेला जातात. कथा म्हणून वाचली तरी एक गोष्ट पक्की होते. बौद्ध परंपरेच्या नकाशावर पैठण फार जुन्या काळापासून आहे.

दुसरा पुरावा दगडातला आहे आणि आम्हाला तो जास्त मोलाचा वाटतो. कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्याची लेणी इसवी सनाच्या आधीची. तेथील खांबांवर ब्राह्मी लिपीत पैठणच्या दात्यांची नावे कोरली आहेत. एक मितदेव, गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या कुळातला. दुसरे दान संघकाच्या मुलांचे. तिथेच मगिल नावाच्या राजवैद्याचे दान आहे, त्याच्या मुलाचे आणि मुलीचेही आहे. एका यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्या कण्हदासाचे नाव आहे. हा कण्हदास सोनार होता. कोकणात कान्हेरीच्या एका लेखात तर थेट प्रतिष्ठानातल्या विहारासाठी केलेल्या दानाची नोंद आहे.

आता ही यादी नीट वाचा. अत्तर विकणारा, वैद्य, सोनार, एक मुलगी. सातवाहनांच्या राजधानीजवळचा संघ उभा राहिला तो एकट्या राजाच्या तिजोरीवर नव्हे. हाताने काम करणाऱ्या आणि बाजारात बसणाऱ्या माणसांनी तो पोसला. यावरून त्या काळी जातच नव्हती असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल, तो आम्ही काढत नाही. पण हा दाता आपली ओळख धंद्याने आणि गावाने देतो आणि ती दगडात कोरून ठेवतो, एवढे तर स्पष्ट आहे. शुद्धिपत्र मागणारे पैठण आणि दान कोरणारे पैठण ही एकाच गावाची दोन रूपे आहेत. आपल्याला एकच दाखवले गेले.

तेराव्या शतकात याच पैठणात चक्रधरस्वामी राहिले. महानुभावांचा संन्यासमार्ग त्यांनी स्त्रियांना खुला केला. विटाळ नाकारला. पैठणच्या बाइसा आणि पुढे महदाइसा या त्या पंथातल्या मोठ्या स्त्रिया. लीळाचरित्र सांगते की पैठणातच त्यांच्यावर सभा बसली आणि त्यांना शिक्षा झाली. का बसली असेल? संन्यासी डोळे मिटून एकटा बसला तर व्यवस्थेला त्रास नसतो. तो दार उघडतो तेव्हा त्रास सुरू होतो.

आता जवळचा काळ घ्या. आपल्याच जिल्ह्यात घोगरगावला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधून आलेले कॅथलिक संन्यासी पोचले. त्यांच्याभोवती जमलेली माणसे बहुतेक महार-मांग समाजातली होती. १९७७ मध्ये औरंगाबादचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाला. त्यांचा धर्म आपण स्वीकारला नाही, तो वेगळा प्रश्न. पण गावकुसाबाहेरच्या माणसाच्या दारात कोण गेले, हा प्रश्न टाळता येत नाही.

बाबासाहेबांनी तो टाळला नाही. १९५० मध्ये महाबोधी सभेच्या मासिकात लिहिलेल्या लेखात त्यांनी भिक्खुसंघाला स्पष्ट सुनावले. संख्या कमी करा, शिका आणि ख्रिस्ती धर्मगुरूंसारखी, विशेषतः जेझुइटांसारखी सेवा करा, असा त्याचा आशय. भिक्खू म्हणजे केवळ परिपूर्ण माणूस की समाजसेवक, हा प्रश्न ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेतही त्यांनी मांडला. त्यांच्या मते भिक्खू समाजसेवक झाला, तरच बौद्ध धम्माला आशा आहे. त्याच १९५० साली त्यांनी औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळाले. भिक्खू नागसेनाला न घाबरता प्रश्न विचारणारा राजा म्हणजे मिलिंद! बाबासाहेबांच्या मनातला विहार कसा होता, हे या नावावरून कळते.

आम्ही वस्त्यांमध्ये काम करतो. आम्ही पाहिलेले कितीतरी विहार जयंतीला आणि बुद्धपौर्णिमेला उघडतात, एरवी कुलूप. वर्गणी मात्र रोजंदारीवर जाणारी आई देते, घरकाम करणारी ताई देते. मितदेव गंधिकाच्या जागी आज त्या आहेत. त्यांच्या मुलांना संध्याकाळी अभ्यासाला बसायला जागा नाही आणि शेजारी विहाराला कुलूप! हा दोष दुसऱ्या कोणाचा नाही, आपला आहे.

पैठणचा जुना विहार गेला. त्याला पोसणाऱ्यांची नावे दगडात राहिली. आपल्या विहाराला पोसणाऱ्यांची नावे कुठे राहणार? आमच्या मते त्याला शिलालेख नको. संध्याकाळी सहाला कुलूप निघाले पाहिजे, दिवा लागला पाहिजे आणि पोरे पुस्तक घेऊन आत आली पाहिजेत. किल्ली कोणाकडे आहे, हे आजच आपल्या वस्तीत विचारा.

जय भीम! नमो बुद्धाय!